नगाऱ्याचा प्रवास : मंगोल माळापासून उंबरखिंडीपर्यंत

खोपोली-पालीचा रस्ता सोडून सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळलें, म्हणजे खालापूर तालुक्यांतील चावणी नांवाचें एक लहानसें गांव लागतें. गांवाजवळून अंबा नदी वाहते. पावसाळा संपून कांहीं महिने लोटले, कीं तिच्या पात्रांतील काळे खडक उघडे पडतात आणि पाण्याचे डोह तेवढे ठिकठिकाणीं उरतात. दोन्ही बाजूंस उंच डोंगर, त्यांच्या उतारांवर दाट झाडी, आणि मधून माणसांना एकामागून एक जावें लागेल अशी चिंचोळी वाट. हीच उंबरखिंड. शके १५८२ च्या माघ महिन्यांत, म्हणजे २ फेब्रुवारी १६६१ च्या सुमारास, ह्या खिंडींत मोगल बादशहाची एक मोठी फौज अडकली आणि जवळचें सर्व द्रव्य व शस्त्रें शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करून, केवळ जीव वांचवून परत गेली.

ही कथा महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. परंतु तिच्याकडे थोड्या दुरून पाहिलें, तर तींत आणखी एक प्रश्न दडलेला दिसतो. ज्यांना आपण 'मोगल' म्हणतों, त्यांच्या ह्या नांवांतच 'मंगोल' हा शब्द आहे. कर्जत-खालापूरपासून अडीच हजार मैलांहून अधिक दूर, आशियाच्या उत्तरेकडील थंड माळावर बाराव्या-तेराव्या शतकांत मेंढ्या आणि घोडे पाळणाऱ्या लोकांचें हें नांव. तें नांव, त्यांची लष्करी रीत आणि त्यांच्या रणवाद्याचा आवाज कोंकणच्या ह्या घळींत कोणत्या वाटेनें आला? आणि येथें आल्यावर त्याचें काय झालें?

प्रारंभ इ. स. १२०६ पासून करावयास हवा. त्या वर्षीं ओनोन नदीच्या उगमाजवळ मंगोल टोळ्यांची मोठी सभा भरली आणि तेमुजिन नांवाच्या सरदारास 'चंगीझखान' ही पदवी देण्यांत आली. तोंपर्यंत ह्या टोळ्या आपसांत सतत लढत असत. चंगीझखानानें टोळ्यांची जुनी बंधनें मोडून सर्व पुरुषांची दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा चढत्या गटांत वांटणी केली. दहा हजारांच्या गटास 'तुमेन' म्हणत. ह्या व्यवस्थेंत शिपायाची निष्ठा कुळाकडून पथकाकडे गेली, आणि विखुरलेल्या मेंढपाळांतून एक अत्यंत शिस्तबद्ध फौज उभी राहिली. १२१५ मध्यें उत्तर चीनमधील झोंगदू, म्हणजे आजचें बीजिंग, तिच्या हातीं पडलें. १२१९ ते १२२१ ह्या अवघ्या तीन वर्षांत समरकंद-बुखाऱ्याचें ख्वारझमी राज्य नष्ट झालें. चंगीझखान १२२७ मध्यें मरण पावला, तरी लाट ओसरली नाहीं. १२४० मध्यें कीव्ह पडलें, १२४१ मध्यें हंगेरीचा पराभव झाला, १२५८ मध्यें बगदादची खिलाफत संपली, आणि १२७९ मध्यें त्याचा नातू कुबलाईखान ह्यानें दक्षिण चीनमधील सुंग घराण्याचा शेवट केला.

ह्या प्रचंड विस्तारांत जी हानि झाली, तिला सीमा नव्हती. भरभराटलेलीं शहरें ओसाड झालीं, कालवे बुजले, लक्षावधि माणसें मेलीं. परंतु विस्तार कसा झाला हें समजून घ्यावयाचें, तर तलवारीपेक्षां गवताकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. मंगोल स्वार एक घोडा घेऊन निघत नसे. त्याच्याबरोबर तीन-चार, कधीं त्याहूनहि अधिक घोडे असत. एक थकला, कीं तो दुसऱ्यावर बसे. ह्या घोड्यांस दाणा बांधून न्यावा लागत नसे. ते चरत चरत जात. ज्या प्रदेशांत अफाट कुरण आहे, तेथें ही फौज पाण्यासारखी पसरे. जेथें कुरण संपून जंगल, चिखल किंवा कडे सुरू होत, तेथें तिचें अर्धें बळ आपोआपच गळून पडे. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे, कारण पुढें उंबरखिंडींतहि तिचाच प्रत्यय येतो.

ह्या लोकांना प्रारंभीं लिपी नव्हती. उइघुर लोकांची लिपी त्यांनीं चंगीझखानाच्या काळांत स्वीकारली. परंतु सामान्य शिपाई निरक्षरच राहिला. अशा समाजांत स्मरण हाच दप्तरखाना असतो. मंगोलांचा सर्वांत जुना ग्रंथ 'मंगोलांचा गुप्त इतिहास' ह्या नांवानें ओळखला जातो. तो तेराव्या शतकांतील आहे. त्यांत एका सरदारानें दुसऱ्यास धाडलेले निरोप जागोजाग पद्यांत आहेत, आणि ओळींच्या आरंभीं तोच तोच वर्ण घोळवलेला आहे. ह्याचें कारण उघड आहे. निरोप्यास तो शब्दशः पाठ करून शेंकडों मैल न्यावयाचा असे, आणि गद्यापेक्षां पद्य स्मरणांत पक्कें बसतें. ओव्या पाठ असलेल्या मराठी घरांत ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मंगोलांच्या संगीताचा सर्वांत भारदस्त प्रकार म्हणजे 'उर्तीन दू', म्हणजेच 'दीर्घ गीत'. गीत लांबलचक असतें म्हणून हें नांव नव्हे. त्यांतील एकेक स्वर दीर्घ असतो म्हणून. चार-दोन ओळींचें गीत गावयास कित्येक मिनिटें लागतात, कारण एका अक्षरावर गायक स्वराला वर चढवतो, कंप देतो, खालीं आणतो आणि पुन्हां उंच फेंकतो. त्याला तालाचें बंधन नसतें. आपल्याकडील ख्यालगायक आलाप करतांना ज्या मोकळेपणानें जातो, त्याची ह्या गायनावरून आठवण व्हावी. परंतु दोहोंचें मूळ निराळें. आलाप बैठकींत वाढला, तर दीर्घ गीत मोकळ्या आकाशाखालीं. जेथें क्षितिजापर्यंत झाड नाहीं, आवाज परत फेंकणारी भिंत नाहीं, तेथें माणसाचा स्वर तुटेपर्यंत पुढें जात राहतो. लग्न, नव्या घराचा प्रवेश, घोड्यांच्या शर्यती अशा प्रसंगीं हीं गीतें गाइलीं जातात. त्यांत विषय युद्धाचा क्वचित. घोडा, डोंगर, आई आणि ऋतु ह्यांचाच फार.

ह्या गायनाची साथ 'मोरिन खुर' करतें. मोरिन म्हणजे घोडा. ह्या वाद्याच्या दांडीच्या टोंकास कोरलेलें घोड्याचें मस्तक असतें, त्याच्या दोन्ही तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असतात, आणि ज्या गजानें तें वाजवावयाचें, त्या गजासहि तेच केस. तारा दांडीवर दाबावयाच्या नसतात. बोटांनीं आणि नखांनीं बाजूनें स्पर्श करून स्वर काढावयाचा असतो. सारंगीवादकाचीं बोटें ज्यांनीं जवळून पाहिलीं आहेत, त्यांना ही रीत चटकन् ओळखूं येईल. ह्या वाद्याविषयीं दंतकथा अशी, कीं नामजिल नांवाच्या एका स्वाराचा पंख असलेला घोडा कोणी मत्सरानें मारला, तेव्हां त्यानें त्याच्या अस्थि, कातडें आणि केस ह्यांचें वाद्य करून त्याच्या धांवण्याचा नाद जिवंत ठेवला. जगाला घोड्यांच्या टापांखालीं तुडविणाऱ्या लोकांच्या घरीं घोडा मेला म्हणून रडणारें वाद्य असावें, हें विलक्षण खरें. पण मनुष्यस्वभावाच्या बाहेरचें नव्हे.

तिसरा प्रकार 'खोमी', म्हणजे कंठगायन. ह्यांत एकच मनुष्य एकाच वेळीं दोन स्वर काढतो. घशांतून एक खोल, अखंड खर्ज चालूं असतो, आणि त्याच्यावर शिटीसारखी बारीक धून तरंगते. प्रथम ऐकणारास हा चमत्कार वाटतो. पण त्यामागील शास्त्र महाराष्ट्रांतील संगीतप्रेमी मंडळींना दूरचें नाहीं. कोणत्याहि एका स्वरांत त्याचे वरचे अंशस्वर मिसळलेलेच असतात. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून गंधार आपोआप उमटतो, तो अशाच एका अंशस्वरामुळें. तंबोऱ्यांत जें काम जवारी करते, तें खोमी गाणारा जिभेच्या आणि ओठांच्या आकारानें करतो. हवा तो अंशस्वर मोठा करतो आणि बाकीचे दाबतो.

आतां रणवाद्याकडे वळावयास हवें. मंगोल भाषेंत मोठ्या नगाऱ्यास 'कोउर्गे' म्हणत. 'गुप्त इतिहासां'त चंगीझखानाचा बालमित्र आणि पुढें प्रतिस्पर्धी झालेला जमुखा लढाईस निघतांना काळ्या बैलाच्या कातड्यानें मढविलेला आपला नगारा वाजविल्याचें सांगतो. १२८७ मध्यें कुबलाईखान आणि त्याचा बंडखोर आप्त नायान ह्यांची लढाई झाली. तिचें वर्णन व्हेनिसच्या मार्को पोलो ह्यानें केलें आहे. दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं. परंतु कोणी हल्ला करीना. शिपाई दोन तारांचीं वाद्यें छेडीत उभ्या उभ्या गात राहिले. सेनानायकाचा मोठा नगारा वाजेपर्यंत मंगोल लढाईस आरंभ करीत नाहींत, असें तो सांगतो. नगारा झडला आणि मग बाणांचा पाऊस सुरू झाला. मार्को पोलोची लेखणी ठिकठिकाणीं अतिशयोक्ति करते. पण ह्या वर्णनांतून एक मर्म हातीं लागतें. गीत हें शिपायाचें होतें, नगारा हा सत्तेचा होता. गाणें थांबावयाचें केव्हां आणि मरावयास निघावयाचें केव्हां, हें नगारा ठरवी.

ह्याच मार्को पोलोच्या ग्रंथांत कोंकणच्या ठाणें बंदराचाहि उल्लेख आहे. तेथें बाहेरून जहाजांतून घोडे येत, आणि तेथील राजानें समुद्रांतील चांचांशीं असा करार केला होता, कीं लुटींतील इतर माल त्यांनीं घ्यावा, घोडे मात्र राजास द्यावेत. त्या काळीं इराणवर हुलागूखान ह्या चंगीझखानाच्या नातवाच्या वंशजांचें राज्य होतें. म्हणजे मंगोल तलवार कोंकणांत आली नाहीं, तेव्हांहि मंगोल अमलाखालील समुद्रकांठचा घोड्यांचा व्यापार ह्या किनाऱ्याशीं जोडलेला होता.

तलवारीचा धक्का महाराष्ट्रास बसला, तो आडवाटेनें. १२२१ मध्यें चंगीझखान सिंधु नदीपर्यंत येऊन परत फिरला. पुढें १२९९ आणि १३०३ मध्यें मंगोल फौजा थेट दिल्लीपर्यंत आल्या. त्या वेळीं दिल्लीच्या तख्तावर अल्लाउद्दीन खिलजी होता. १२९६ मध्यें देवगिरीच्या रामदेवरावाकडून लुटून नेलेल्या संपत्तीच्या जोरावरच त्यानें तें तख्त मिळविलें होतें. मंगोलांना तोंड देण्यासाठीं त्यानें मोठी खडी फौज बाळगली, आणि ती फौज पोसण्यासाठीं बाजारांतील जिनसांचे भाव बांधून दिले. मंगोल माघारले, फौज मात्र राहिली, आणि पुढें थोड्याच वर्षांत ती पुन्हां देवगिरीवर आली. उत्तरेच्या वेशीवरील मंगोलांचें भय आणि दक्षिणेंतील यादवांच्या राज्याचा शेवट ह्यांच्यामध्यें असा एक धागा आहे.

मंगोल साम्राज्याचे तुकडे झाल्यावर मध्य आशियांत तैमूर पुढें आला. तो चंगीझखानाच्या वंशांतील नव्हता. म्हणून त्यानें त्या वंशांतील राजकन्येशीं लग्न केलें आणि 'गुरगान', म्हणजे जांवई, हें बिरुद मिरविलें. हा शब्द मूळ मंगोल भाषेंतील आहे. १५२६ मध्यें पानिपत जिंकणारा बाबर बापाकडून तैमूरचा वंशज आणि आईकडून चंगीझखानाचा. बाबर स्वतःस तुर्क समजे आणि मंगोलांविषयीं त्याचें मत फारसें चांगलें नव्हतें. तरी हिंदुस्थानानें त्याच्या घराण्यास 'मोगल' हेंच नांव दिलें. ते स्वतः मात्र आपल्या घराण्यास 'गुरकानी', म्हणजे जांवयाचें घराणें, म्हणवीत. भाषा किती दूरच्या पाऊलखुणा जपते, ह्याचीं उदाहरणें तर मराठींतच आहेत. 'नोकर' हा शब्द मंगोल 'नोकोर' म्हणजे सोबती, विश्वासू साथीदार, ह्यापासून फारसीमार्गें आला. 'दारोगा' हा शब्द मंगोल अमलदाराच्या 'दारुगा' ह्या हुद्यावरून आला. चंगीझखानाचा सोबती आपल्याकडे येईपर्यंत चाकर झाला, हा शब्दाच्या प्रवासांतील एक विनोदच म्हणावयाचा.

अकबराच्या दरबारची सविस्तर माहिती अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. तींत राजचिन्हांमध्यें याकाच्या शेपटीचें 'तुमानतोग' नांवाचें निशाण सांगितलें आहे. मंगोलांच्या तुमेनाचें नांव त्यांत स्पष्ट दिसतें. मनसबदारांची श्रेणी दहापासून दहा हजारांपर्यंत लावलेली आहे. तीहि जुन्या दशमान पद्धतीची आठवण देते. आणि नगारखान्याच्या यादींत पहिलेंच नांव आहे 'कूवर्गा' ह्या वाद्याचें, ज्याला सामान्यतः दमामा म्हणत. जमुखाच्या काळ्या बैलाच्या कातड्याचा 'कोउर्गे' तो हाच. आग्रा-फत्तेपूरच्या नगारखान्यांत त्याचे १८ च्या आसपास जोड, नगाऱ्यांचे सुमारें २० जोड, शिवाय ढोल, कर्णे, सुरनाया, शिंगें आणि झांजा असत. खुद्द अकबर नगारा उत्तम वाजवी, असें अबुल फजल लिहितो.

येथें एक खुलासा करणें न्यायाचें होईल. नगारा ही मंगोलांची निर्मिति नव्हे. 'नक्कारा' हा शब्द अरबी आहे. नौबत वाजविण्याची चाल मोगलांपूर्वींच्या दिल्लीच्या सुलतानांकडेहि होती. आणि आपल्या देशांत दुंदुभि आणि भेरी फार प्राचीन काळापासून आहेत. म्हणून नगाऱ्याचा प्रवास हा एका उगमापासून निघालेल्या नदीसारखा नाहीं. अनेक ओढे मिळत मिळत झालेला तो प्रवाह आहे, आणि त्यांतील एक ठळक ओढा मंगोल माळावरून आला. त्या ओढ्यानें आणलेली विशेष वस्तु म्हणजे नगाऱ्याशीं जोडलेला सत्तेचा अर्थ. मोगल अमलांत कोणत्याहि सरदारास आपल्या मर्जीनें नगारा वाजवितां येत नसे. तो बादशहानें बहाल करावा लागे, आणि बहाल झाला तरी बादशहाच्या समोर वाजवावयाचा नसे. ज्याच्या फौजेपुढें नगारा झडे, त्याच्या मागें बादशहा उभा आहे, असा त्याचा अर्थ होता.

अशीच एक फौज १६६१ च्या आरंभीं पुण्याहून निघाली. औरंगजेबाचा मामा शाहिस्ताखान आदल्या वर्षाच्या मे महिन्यांत पुण्यांत येऊन बसला होता. फिरंगोजी नरसाळ्यानें जवळजवळ दोन महिने लढविलेला चाकणचा किल्ला त्यानें ऑगस्टमध्यें घेतला. आतां उत्तर कोंकण ताब्यांत घ्यावें म्हणून त्यानें कारतलबखान नांवाच्या सरदारास रवाना केलें. बरोबर अनेक मराठे आणि रजपूत सरदार होते, आणि माहूरच्या देशमुख घराण्यांतील रायबाघन ही पराक्रमी स्त्रीहि होती. बोरघाटाची नेहमींची वाट सोडून कारतलबखान लोहगडाच्या बाजूनें कुरवंड्याच्या घाटानें उतरूं लागला. लोणावळ्याजवळचें कुरवंडें आणि खालचें कोंकण ह्यांच्या उंचींत दीड हजार फुटांहून अधिक अंतर आहे. घाटमाथ्यावर मोकळी हवा. उतरूं लागलें, कीं गर्द जंगल. कवींद्र परमानंदानें आपल्या 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्यांत ह्याला 'तुंगारण्य' म्हटलें आहे.

शिवाजी महाराज राजगडाहून निघून आधींच ह्या अरण्यांत येऊन राहिले होते. खिंडीच्या दोन्ही अंगांस आणि तोंडांशीं त्यांचें पायदळ झाडींत बसलेलें होतें. दबा धरून बसलेल्या सैन्याचें पहिलें शस्त्र तलवार नसते, निःशब्दता असते. कारतलबखानाच्या फौजेस पुढें काय आहे याची वार्ता नव्हती. हत्ती-घोडे, तोफा-बंदुका, सामानाचे बैल, अशी ती अवजड रांग चिंचोळ्या वाटेनें पुरती आंत शिरली, आणि मग मागची-पुढची वाट बंद झाली. बाण, गोळ्या आणि दगड वरून येऊं लागले. पाणी तोडलें गेलें.

माळावर तयार झालेल्या रणविद्येचें अशा जागीं काय होतें, ह्याचा विचार केला पाहिजे. मोकळ्या मैदानांत नगाऱ्याचा आवाज सैन्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ जातो. शिपायास तो कोठून आला हें कळतें आणि त्याचा अर्थहि कळतो. घळींत तोच आवाज दोन्ही कड्यांवर आपटून दहा दिशांनीं परत येतो. हुकूम देणारा कोण आणि प्रतिध्वनि कोणता, हें ओळखूं येत नाहीं. दोन मैलांच्या रांगेत मागच्या माणसास पुढें काय चाललें आहे तें दिसत नाहीं. घोड्यास वळावयास जागा नाहीं, चरावयास गवत नाहीं, प्यावयास पाणी नाहीं. घोडा, धनुष्य आणि नगारा ह्या ज्या त्रयीनें जग जिंकलें, तिचें एकेक अंग अंबेच्या कांठीं असें निकामी झालें. उलट मावळ्यास ह्या रानांतील प्रत्येक वाट ठाऊक होती. त्याला नगाऱ्याची गरज नव्हती.

अशा वेळीं मोठ्या प्रतिष्ठेच्या माणसास सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे प्रतिष्ठा सोडणें. बादशहाच्या फौजेनें एका बंडखोर जहागीरदारापुढें मान लववावी, ही कल्पना खानास सहन होण्यासारखी नव्हती. परमानंदाच्या वर्णनाप्रमाणें त्याला खरें सांगितलें, तें रायबाघनीनें. सिंहाच्या रानांत शिरून आपण चूक केली आहे, आतां शरण जाऊन स्वतःस आणि सैन्यास सोडवावें, हा तिच्या सल्ल्याचा आशय. खानानें तो मानला. वकील गेला, महाराजांनीं द्रव्य घेऊन अभय दिलें, आणि सर्व सामान मागें ठेवून ती फौज आल्या वाटेनें निघून गेली. ह्या प्रसंगाचें मोठेपण विजयाइतकेंच ह्या शेवटांत आहे. दोन्ही बाजूंनीं तो हट्टानें ताणला असता, तर त्या घळींत कित्येक हजार माणसें, आणि त्यांत दोन्हीकडचीं मराठी घरेंहि, तहानेनें आणि तलवारीनें मेलीं असतीं. एका स्त्रीनें वेळेवर सांगितलेलें कटु सत्य आणि एका राजानें जिंकल्यावर दाखविलेला संयम, ह्यांमुळें तें टळलें.

भूगोलानें साम्राज्यास अडविल्याचें हें उदाहरण एकटें नाहीं. खुद्द मंगोलांनाहि असा अनुभव आला होता. १२८८ मध्यें व्हिएतनाममधील बाख डांग नदींत त्यांचें आरमार भरती-ओहोटीच्या आणि पाण्याखालीं रोवलेल्या खुंट्यांच्या सापळ्यांत नष्ट झालें. १२९३ मध्यें जावा बेटावर गेलेली कुबलाईखानाची फौज स्थानिक राजपुत्राच्या डावपेंचांस फसून परतली. दोन्ही ठिकाणीं पाणी, रान आणि जागेची माहिती असलेला शत्रु हींच कारणें होतीं. उंबरखिंड त्याच मालिकेंतील आहे. फरक एवढाच, कीं येथील विजेत्यानें ही गोष्ट योगायोगावर सोडली नाहीं, तर जागा, वेळ आणि मौन ह्या तिन्हींची आधींच योजना केली.

लढाई संपल्यावर तिची आठवण कोण ठेवतें, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे. मंगोलांमध्यें वीरकथा गाणारे गायक असत. तोवशूर नांवाच्या दोन तारांच्या वाद्यावर ते रात्रच्या रात्र 'तुली' म्हणजे वीरगाथा गात. महाराष्ट्रांत तेंच काम डफ आणि तुणतुणें घेऊन शाहिरानें केलें. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा प्रसिद्धच आहे. उंबरखिंडीची कथा मात्र मुख्यतः 'शिवभारता'च्या संस्कृत श्लोकांतून आपल्यापर्यंत आली, आणि तो ग्रंथ स. म. दिवेकर ह्यांनीं १९२७ मध्यें प्रसिद्ध केल्यावर ती सर्वांस वाचावयास मिळाली. एखाद्या गोष्टीस पोवाडा मिळतो, एखादीस श्लोक. आणि श्लोक मिळालेल्या गोष्टीस लोकांच्या तोंडीं येण्यास फार वेळ लागतो.

नगाऱ्याचें पुढें काय झालें? तो उंबरखिंडींत हरला; पण नाहींसा झाला नाहीं. त्यानें धनी बदलला. १६७४ मध्यें रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हां सिंहासनासमोरच्या भव्य दरवाज्यावर नगारखानाच होता. ज्या चिन्हानें परकी सत्ता आपलें अस्तित्व जाहीर करी, त्याच चिन्हानें स्वराज्यानें आपलें अस्तित्व जाहीर केलें. पुढें राजवाडे ओस पडले, तसा नगारा देवळांत स्थिरावला आणि सनईच्या संगतीनें चौघडा होऊन लग्नाच्या मांडवांत आला. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून ठाकर आणि कातकरी जेव्हां ढोलाच्या तालावर फेर धरतात, तेव्हां तेथें बादशहाची परवानगी लागत नाहीं. तो ढोल त्यांच्या रानाइतकाच जुना आणि त्यांचा स्वतःचा आहे. सत्तेचा नगारा आणि लोकांचा ढोल ह्यांतील हा भेद ध्यानीं घेण्यासारखा आहे.

तिकडे मंगोलियांतहि संगीतावर कठीण काळ येऊन गेला. विसाव्या शतकांत तेथें सोव्हिएट धर्तीचें राज्य असतांना चंगीझखानाचें नांव आदरानें घेणेंहि धोक्याचें होतें. १९६२ मध्यें त्याच्या आठशेंव्या जयंतीनिमित्त स्मारक उभारलें, तेव्हां त्या उत्सवास आधार देणाऱ्या तोमोर-ओचिर ह्या पुढाऱ्यास पदावरून दूर व्हावें लागलें. मोरिन खुराचें कातड्याचें तोंड जाऊन रंगमंचासाठीं लांकडी तोंड आलें. १९९० मध्यें राज्यपद्धति बदलल्यावर जुन्या कलांना पुन्हां मोकळा श्वास मिळाला. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें मोरिन खुर व दीर्घ गीत ह्यांचा २००८ मध्यें आणि मंगोलियाच्या कंठगायनाचा २०१० मध्यें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत समावेश केला. चंगीझखानाचें साम्राज्य दोनशें वर्षेंहि एकसंध टिकलें नाहीं; गुराख्याचें गाणें मात्र अद्याप टिकून आहे.

आज पुष्कळ देवळांत आरतीचा नगारा विजेच्या यंत्रावर वाजतो. कळ दाबली, कीं टिपऱ्या आपोआप पडूं लागतात. ताल चुकत नाहीं, पण हात मात्र कोणाचाच नसतो. ज्या वाद्यास एके काळीं बादशहाचें फर्मान लागे, त्यास आतां वादक मिळेनासा झाला आहे. चावणीजवळ उंबरखिंडीचें स्मारक उभें आहे, आणि दरवर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं तेथें विजयदिन साजरा होतो. त्या दिवशीं ढोल-ताशे वाजतात, पोवाडे होतात, आणि दोन्ही कड्यांवरून त्यांचा प्रतिध्वनि परत येतो. साडेतीनशें वर्षांपूर्वीं ह्याच प्रतिध्वनीनें एका फौजेस वाट चुकविली होती. आज तो ऐकणारास वाट दाखवीत असेल, तर ती एवढीच, कीं हुकुमाचा आवाज मैदान संपेपर्यंत जातो, आणि आठवणीचा आवाज माणसें तो पुढें नेतील तेथवर.